अनंताची मोजदाद करणारे गणिती : गेऑर्ग कॅन्टर

लहान मूल आकडे शिकू लागले की एक दिवस ते आपल्याला हमखास विचारते, सर्वांत मोठा आकडा कोणता? आपण कोटी म्हणतो, अब्ज म्हणतो, परार्ध म्हणतो. मूल लगेच विचारते, त्यात एक मिळवला तर? मग आपण हसतो आणि आकडे कधी संपतच नाहीत असे सांगून मोकळे होतो. पण एखाद्या चौकस मुलाने याही पुढे जाऊन विचारले की संपत नाहीत म्हणजे किती, आणि न संपणाऱ्या दोन गोष्टींत लहान कोणती व मोठी कोणती, तर? आपल्यापैकी बहुतेक जण त्याला गप्प बसवून दुसऱ्या कामाला लावतील. हा पुढचा प्रश्न ज्यांनी जन्मभर सोडला नाही, ज्यांनी त्याचे उत्तर मिळवले आणि त्या उत्तरापायी मोठमोठ्यांचा रोष पत्करला, त्या जर्मन गणिती गेऑर्ग कॅन्टर यांच्या जीवनाचा परिचय आपण येथे करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

गेऑर्ग कॅन्टर यांचा जन्म ३ मार्च १८४५ रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात झाला. वडील व्यापारी होते. आईच्या घराण्यात संगीताची परंपरा होती आणि गेऑर्गलाही व्हायोलिन चांगले वाजवता येई. वडिलांच्या प्रकृतीला रशियातील कडाक्याची थंडी मानवेना, म्हणून १८५६ साली हे कुटुंब जर्मनीत येऊन स्थायिक झाले.

मुलाने इंजिनिअर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. आपल्याकडील पालकांना ही इच्छा अपरिचित नाही. त्याप्रमाणे गेऑर्गला डार्मश्टाट येथील तांत्रिक शाळेत घालण्यात आले. मुलाचे मन मात्र गणितात गुंतले होते. अखेर १८६२ साली त्याने वडिलांकडे गणित शिकण्याची परवानगी मागितली. वडिलांनी स्वतःचा आग्रह बाजूला ठेवून ती दिली. पुढच्याच वर्षी वडील वारले. त्यांनी ती परवानगी दिली नसती तर जगाला एक इंजिनिअर जास्त मिळाला असता, पण गणिताचे केवढे नुकसान झाले असते याची कल्पना पुढील हकिकतीवरून येईल.

झ्युरिकमध्ये थोडे शिक्षण घेऊन कॅन्टर बर्लिन विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना वायरश्ट्रास, कुमर आणि क्रोनेकर असे तीन दिग्गज गुरू लाभले. १८६७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या वेळी वादासाठी मांडलेल्या मुद्द्यांत त्यांचा एक मुद्दा असा होता की गणितात प्रश्न सोडवण्यापेक्षा प्रश्न नीट विचारण्याची कला अधिक मोलाची आहे. अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणाचे हे मत त्यांच्या साऱ्या आयुष्याला लागू पडले.

१८६९ साली ते हाले या गावच्या विद्यापीठात शिकवू लागले. हाले हे काही बर्लिनसारखे गणिताचे मोठे केंद्र नव्हते. आज ना उद्या बर्लिनला बोलावणे येईल या आशेवर त्यांनी तेथे काम सुरू केले. ते बोलावणे कधीच आले नाही. कॅन्टर यांची सारी नोकरी हालेतच झाली.

मोजणे म्हणजे काय?

अनंताविषयी कॅन्टर यांच्याआधी कोणी विचार केला नव्हता असे नाही. नवव्या शतकात बगदाद येथे कार्य करणारे साबित इब्न कुर्रा यांनी असे मांडले होते की सम संख्या अनंत, विषम संख्याही अनंत, दोन्ही सारख्याच आणि प्रत्येक सर्व संख्यांच्या निम्मी. म्हणजे एक अनंत दुसऱ्या अनंताचा भाग असू शकते. बाराव्या शतकात आपल्या भास्कराचार्यांनी शून्याने भागून येणाऱ्या खहर राशीत कितीही मिळवले वा वजा केले तरी तिच्यात फरक पडत नाही असे सांगितले. सतराव्या शतकात इटलीच्या गॅलिलिओंनी दाखवले की १, ४, ९, १६ अशा वर्गसंख्या सर्व संख्यांच्या मानाने विरळ दिसतात, तरी प्रत्येक संख्येला तिचा एक वर्ग आहेच. हे कोडे पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की लहान, मोठे, सारखे हे शब्द अनंताला लावूच नयेत. गणितींनी पुढे दोनशे वर्षे बहुतांशी हीच वाट धरली.

कॅन्टर यांनी मात्र मोजणे म्हणजे काय, असा अगदी साधा प्रश्न केला. समजा, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सभागृहात खुर्च्या मांडल्या आहेत. सर्व पाहुणे बसले, एकही खुर्ची रिकामी नाही आणि एकही पाहुणा उभा नाही. तर खुर्च्या किती व पाहुणे किती हे न मोजताही आपण छातीठोकपणे सांगू शकतो की दोन्ही सारखे आहेत. अंक न येणारा धनगरसुद्धा प्रत्येक मेंढीमागे एक खडा ठेवून कळपाचा हिशेब ठेवू शकतो. गणितात याला एकास एक संगती म्हणतात. कॅन्टर यांचे म्हणणे असे की हीच कसोटी आपण अनंत संचांनाही लावू. दोन संचांच्या घटकांच्या जोड्या बिनचूक जुळल्या तर ते संच सारखे.

आता ही कसोटी लावून पाहा. १ ची जोडी २ शी, २ ची ४ शी, ३ ची ६ शी लावत गेलो तर एकही संख्या उरत नाही. म्हणजे सम संख्या जेवढ्या, तेवढ्याच सर्व नैसर्गिक संख्या! भाग आणि संपूर्ण सारखे झाले. कॅन्टर यांना यात संकट दिसले नाही. अनंताचा स्वभावच तो, असे ते समजले. हिल्बर्ट नावाच्या थोर गणितींनी पुढे ही गंमत समजावण्यासाठी एका हॉटेलची कल्पना सांगितली. त्या हॉटेलात अनंत खोल्या आहेत आणि सर्व भरलेल्या आहेत. रात्री एक नवा मुसाफिर येतो. मालक प्रत्येकाला आपल्या पुढच्या क्रमांकाच्या खोलीत जायला सांगतो आणि पहिली खोली नव्या मुसाफिराला मिळते. तुमच्या आमच्या लॉजमध्ये हे जमायचे नाही, कारण तेथे शेवटची खोली असते. अनंताला शेवटची खोली नसते.

अपूर्णांकांचेही असेच. ० आणि १ यांच्या दरम्यानच अगणित अपूर्णांक दाटीवाटीने बसलेले असतात. ते तरी नैसर्गिक संख्यांपेक्षा जास्त असतील असे आपल्याला वाटेल. पण अंश आणि छेद यांच्या बेरजेप्रमाणे त्यांची रांग लावा. प्रथम १/१, मग १/२ आणि २/१, मग १/३ आणि ३/१, याप्रमाणे. आधी आलेला पुन्हा आला तर तो गाळा. प्रत्येक अपूर्णांकाचा नंबर केव्हा तरी लागतोच. म्हणजे अपूर्णांकही नैसर्गिक संख्यांएवढेच ठरले.

डिसेंबर १८७३

एवढे झाल्यावर कोणालाही वाटेल की अनंत म्हणजे अनंत, त्यात लहानमोठे काही नाही. येथेच कॅन्टर यांनी पुढचा प्रश्न विचारला. एखाद्या रेषेवरील सर्व बिंदू, म्हणजेच सर्व दशांश संख्या, अशाच रांगेत लावता येतील का? २९ नोव्हेंबर १८७३ रोजी त्यांनी आपले गणिती स्नेही डेडेकिंड यांना पत्र लिहून हा प्रश्न कळवला. डेडेकिंड यांना उत्तर सांगता आले नाही. ७ डिसेंबरला खुद्द कॅन्टर यांनीच सिद्धता लिहून पाठवली. उत्तर होते, नाही. रेषेवरील बिंदूंचे अनंत हे नैसर्गिक संख्यांच्या अनंतापेक्षा निश्चितपणे मोठे आहे. अनंताचे एकाहून अधिक प्रकार आहेत, ही गोष्ट माणसाने प्रथमच सिद्ध केली होती.

१८९१ साली त्यांनी याची आणखी सोपी सिद्धता दिली. ती शालेय विद्यार्थ्यालाही कळण्याजोगी आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा, कोणी म्हणाले की ० ते १ मधील सर्व दशांश संख्यांची यादी मी केली आहे. पहिली ०.५१७३…, दुसरी ०.३३३३…, तिसरी ०.१४१५…, अशी ती पुढे चालते. आता आपण एक नवी संख्या बनवू. पहिल्या संख्येचा पहिला अंक पाहा, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. तो अंक ५ असेल तर आपण ६ लिहू, ५ नसेल तर ५ लिहू. वरच्या यादीवरून आपली संख्या ०.६५५… अशी होईल. ही संख्या यादीत पहिली असू शकत नाही, कारण पहिला अंक वेगळा. दुसरी नाही, कारण दुसरा अंक वेगळा. हजारावी नाही, कारण हजारावा अंक वेगळा. म्हणजे सर्व संख्या असल्याचा दावा करणाऱ्या यादीतून एक संख्या निसटलीच. यादी कशीही करा, हेच होणार. अवघ्या काही ओळींची ही युक्ती, पण तिच्यापुढे जगातील कोणतीही यादी टिकत नाही. यादीतले अंक कर्णरेषेत तिरपे घेतले जातात म्हणून तिला कर्णपद्धत म्हणतात. पुढे विसाव्या शतकात ट्युरिंग यांनी गणनयंत्राच्या मर्यादा दाखवताना हीच युक्ती वापरली.

१८७७ साली कॅन्टर यांना याहून विलक्षण गोष्ट आढळली. चौरसातील बिंदू त्याच्या एका बाजूवरील बिंदूंपेक्षा जास्त असणार हे कोणीही सांगेल. पण चौरसातील बिंदूचे स्थान दोन दशांश संख्यांनी ठरते. समजा त्या ०.१३५… आणि ०.२४६… आहेत. त्यांचे अंक आळीपाळीने घेतले की ०.१२३४५६… ही एकच संख्या मिळते आणि ती बाजूवरील एक बिंदू दाखवते. या सिद्धतेत एक बारीक चूक राहिली होती. ती डेडेकिंड यांनी दाखवून दिली आणि कॅन्टर यांनी दुसऱ्या मार्गाने ती दूर केली. चौरस आणि रेषा यांतील बिंदू सारखेच! सिद्धता स्वतः करूनही या निष्कर्षावर आपला विश्वास बसत नाही, असे त्यांनी डेडेकिंड यांना कळवले होते.

गुरूंचा विरोध

ज्या बर्लिनमध्ये कॅन्टर शिकले तेथूनच त्यांना विरोध सुरू झाला. क्रोनेकर यांचे मत होते की गणिताची इमारत पूर्णांकांवर आणि मोजक्या पायऱ्यांत पुऱ्या होणाऱ्या रीतींवरच उभी राहिली पाहिजे; पूर्ण झालेल्या अनंताची भाषा हे गणित नव्हे. क्रोनेकर हे स्वतः उच्च दर्जाचे गणिती होते. त्यांचे मतही पोकळ नव्हते, आणि त्या वाटेने जाणारे गणिती विसाव्या शतकातही झाले. परंतु एखादे मत चूक वाटणे वेगळे आणि ते मांडणाऱ्याची वाट अडवणे वेगळे. कॅन्टर यांच्या कामाविषयी क्रोनेकर उघडपणे कठोर बोलत. बर्लिनमध्ये त्यांचा शब्द वजनदार होता. १८७७ सालच्या शोधाचा लेख छापायला उशीर होऊ लागला तेव्हा कॅन्टर यांना त्यात क्रोनेकर यांचा हात दिसला. लेख परत मागवण्याच्या विचारात ते होते. डेडेकिंड यांनी समजूत घातली म्हणून तो १८७८ साली प्रसिद्ध झाला.

विरोधक सोडाच, स्नेह्यांचीही साथ प्रत्येक वेळी लाभली नाही. स्वीडनचे मिटाग-लेफ्लर यांनी आपल्या नियतकालिकात कॅन्टर यांचे लेख आपुलकीने छापले होते. पण १८८५ साली एक लेख काळाच्या शंभर वर्षे पुढे आहे असे सुचवून त्यांनीच तो मागे घ्यायला सांगितले. कॅन्टर यांना हे फार लागले.

काही धर्मपंडितांनाही शंका होती की माणसाने अनंत मोजायला घेतले तर ईश्वराच्या अनंतत्वाला बाध येईल. कॅन्टर हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. त्यांनी या पंडितांशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला. गणितात येणारे अनंत कितीही मोठे असले तरी त्याच्याहून मोठे अनंत असतेच. आणि जे या सर्वांपलीकडे आहे, ज्यात भर घालता येत नाही, ते केवळ ईश्वराचे असून कोणत्याही गणिताच्या आवाक्यात येत नाही, असा भेद त्यांनी केला. या भूमिकेमुळे त्यांच्या मनातील श्रद्धा आणि शास्त्र यांत भांडण उरले नाही.

आजार आणि अखेर

१८८४ सालच्या मे महिन्यात कॅन्टर यांना मानसिक आजाराचा पहिला मोठा झटका आला. क्रोनेकर यांच्या छळाने त्यांना वेड लागले, अशी कथा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ती पूर्णपणे खरी मानू नये. उत्साह आणि खिन्नता यांचे आळीपाळीने झटके देणारा हा आजार होता आणि विरोध नसता तरी तो उद्भवला असता, असे आज जाणकार मानतात. मात्र आजारी माणसाला उपेक्षेचा घाव अधिक खोल लागतो हेही तितकेच खरे.

त्याच वर्षी ते एका प्रश्नाशी झुंजत होते. नैसर्गिक संख्यांचे अनंत आणि रेषेवरील बिंदूंचे अनंत यांच्या दरम्यान आणखी एखादे अनंत आहे का? नसावे असा त्यांचा तर्क होता. कधी तो सिद्ध झाल्यासारखा वाटे, तर काही दिवसांत तो खोटा असल्याची सिद्धता सापडल्यासारखी वाटे. दोन्ही वेळा निराशा पदरी पडली.

तरीही हा माणूस हटला नाही. होतकरू गणितींना मोठ्या विद्यापीठांच्या मर्जीबाहेर आपले म्हणणे मांडता यावे म्हणून जर्मन गणितींची एक संघटना स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १८९० साली ती स्थापन झाली आणि कॅन्टर तिचे पहिले अध्यक्ष झाले. १८९१ साली हालेत तिची पहिली सभा भरली. त्या सभेत भाषणासाठी त्यांनी क्रोनेकर यांनाच निमंत्रण दिले होते. पत्नीच्या जीवघेण्या अपघातामुळे क्रोनेकर येऊ शकले नाहीत आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते वारले. पण ज्याने वाट अडवली त्याला सन्मानाने बोलावण्याचे मन कॅन्टर यांच्यापाशी होते, हे विसरता येत नाही.

१८९५ आणि १८९७ साली त्यांनी आपला सिद्धांत दोन भागांत सुसंगतपणे मांडला. अनंत संख्यांसाठी त्यांनी आलेफ हे चिन्ह निवडले. हे हिब्रू वर्णमालेतील पहिले अक्षर, म्हणजे अरबी आणि उर्दूतील अलिफचे भावंडच. १८९७ साली झ्युरिकला गणितींची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा तेथील भाषणांत कॅन्टर यांच्या कामाचा गौरवाने उल्लेख झाला. १९०० साली पॅरिसच्या परिषदेत हिल्बर्ट यांनी नव्या शतकासाठी जी तेवीस कोडी ठरवली त्यांत पहिले स्थान कॅन्टर यांच्या त्या न सुटलेल्या प्रश्नाला दिले. १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सिल्व्हेस्टर पदक दिले.

कीर्ती येत होती, पण घरात दुःखही येत होते. १८९९ सालच्या डिसेंबरात धाकटा मुलगा रुडॉल्फ अकस्मात वारला. तेरावा वाढदिवस चार दिवसांवर असताना तो गेला. त्यानंतर कॅन्टर यांचे इस्पितळात जाणे-येणे वाढत गेले. १९१३ साली ते निवृत्त झाले. १९१५ साली त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा मोठा समारंभ व्हायचा होता. महायुद्धामुळे तो रद्द झाला आणि थोडक्या लोकांत घरगुती सोहळा झाला. १९१७ सालच्या जूनमध्ये त्यांना पुन्हा रुग्णालयात ठेवण्यात आले. युद्धामुळे अन्नाची टंचाई होती. घरी न्या, अशी विनवणी ते पत्रांतून पत्नीला करत राहिले. ६ जानेवारी १९१८ रोजी हृदयविकाराने तेथेच त्यांचे निधन झाले.

कॅन्टर यांचे देणे

कॅन्टर यांचा तो प्रश्न त्यांच्या हयातीत का सुटला नाही, याचा उलगडा फार उशिरा झाला. १९३८ साली ग्योडेल यांनी दाखवले की संचशास्त्राच्या रूढ गृहीतकांवरून कॅन्टर यांचा तर्क खोटा ठरवता येत नाही. १९६३ साली अमेरिकेच्या पॉल कोहेन यांनी दाखवले की त्याच गृहीतकांवरून तो खराही ठरवता येत नाही. होय आणि नाही या दोन्ही उत्तरांना ती गृहीतके अपुरी आहेत. ज्या कुलपाला हाताशी असलेली कोणतीच किल्ली लागत नाही, त्याच्याशी कॅन्टर वर्षानुवर्षे झटत होते. त्यांची बुद्धी कोठे कमी पडली नव्हती.

वाचकहो, शाळेत आपण संच शिकतो, महिरपी कंसात घटक लिहितो, दोन संचांचा छेद आणि संयोग काढतो. तो धडा कित्येकांना रुक्ष वाटतो. पण ज्या पायावर आजचे बहुतेक सारे गणित उभे आहे तो पाया म्हणजे हेच संचशास्त्र, आणि ते हालेसारख्या आडबाजूच्या विद्यापीठातील एका प्राध्यापकाने उभे केले, ही जाणीव ठेवून तो धडा पुन्हा वाचावा.

कॅन्टर यांच्या जीवनात आपल्याला वडीलधाऱ्यांचे दोन नमुने दिसतात. एक, आपली इच्छा मागे घेऊन मुलाला त्याच्या वाटेने जाऊ देणारे वडील आणि चूक दाखवूनही पाठीशी उभे राहणारे डेडेकिंड. दुसरा, आपल्याला पटत नाही म्हणून शिष्याची वाट अडवणारे गुरू. आपल्या वर्गात आणि आपल्या घरात उद्या एखादे मूल विचित्र वाटणारा प्रश्न घेऊन उभे राहील. त्याचे उत्तर आपल्याला येईलच असे नाही; डेडेकिंड यांनाही आले नव्हते. त्यांनी फक्त पत्र नीट वाचले आणि उत्तर येत नाही हे प्रामाणिकपणे कळवले. आठ दिवसांत विद्या एक पाऊल पुढे गेली. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायला लाजू नये आणि शिक्षक-पालकांनी त्यांना गप्प बसवू नये. एवढे आपण सर्वांनी पाळले तरी गेऑर्ग कॅन्टर यांचे स्मरण केल्याचे सार्थक होईल.